नशेचा प्रश्न घरात आला की: इंदूरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांसाठी

मुलाच्या दप्तरात रोलिंग पेपर सापडला की आपल्या घरांत साधारण एकच क्रम चालतो. आई पवित्र शास्त्र उघडते, वडील ओळखीच्या पोलिसवाल्याचा नंबर शोधतात, आणि डॉक्टरचं नाव निघायला महिना उलटतो. हा लेख तो महिना वाचवण्यासाठी आहे.

माझं माहेर प्रॉटेस्टंट. बहीण कॅथलिक घरात दिलेली. त्यामुळे भाच्याचं प्रकरण निघालं तेव्हा पाळकसाहेब आणि फादर, दोघांचे उंबरे आम्ही झिजवले, आणि मग दवाखाने. सगळीकडे एक गोष्ट जाणवली. लोक तीन प्रश्नांची खिचडी करतात: हे पाप आहे का, हा गुन्हा आहे का, हा आजार आहे का. तिन्ही प्रश्न खरे आहेत. पण प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या माणसाकडे असतं, आणि डॉक्टरला विचारायचा प्रश्न पाळकांना विचारला की दोघांचीही अडचण होते.

१. आधी पदार्थ कोणता, ते कळू द्या

“पोरगा नशा करतो” एवढ्यावर कोणीच काही करू शकत नाही. भांग, गांजा, एमडी (मेफेड्रोन), ब्राउन शुगर (भेसळीचं हेरॉइन), खोकल्याचं औषध, झोपेच्या गोळ्या, पंक्चरवाल्याचं सोल्युशन: यांतलं नेमकं काय, किती दिवसांपासून आणि रोज की कधीमधी, हे शांतपणे विचारा. रविवारी चर्चला निघताना विचारू नका. आजीसमोरही नको.

हे आधी का, तर सोडण्याचे धोके वेगवेगळे आहेत. दारू किंवा अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या बरेच दिवस रोज घेणाऱ्याने त्या एकदम बंद केल्या, तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. ब्राउन शुगर सोडताना अंगदुखी, जुलाब, रात्र-रात्र झोप नाही असे हाल होतात, पण मोठा धोका त्यानंतर येतो. काही दिवस बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते, आणि कोणी जुन्याच मापाने पुन्हा घेतलं तर श्वास थांबू शकतो. सोल्युशन हुंगणाऱ्याचं हृदय अचानक बंद पडू शकतं. गांजा बंद केल्यावर चिडचिड आणि निद्रानाश होतो, बहुधा एवढंच. पण ज्याला आवाज ऐकू येतात किंवा “सगळे माझ्या मागे लागलेत” असं वाटतं, त्याला त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्या.

सापळा: “तीन दिवस खोलीत ठेवू, उपास-प्रार्थना करू, सुटेल.” प्रार्थना जरूर करा. पण दारू किंवा गोळ्यांच्या बाबतीत उपाशी माणसाला कुलपात ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. हे तुम्हाला कितीही मोठ्या सेवकाने सांगितलं तरी ऐकू नका.

२. पवित्र शास्त्र काय म्हणतं आणि कशावर गप्प आहे

गांजा, अफू, भांग यांच्याविषयी थेट आज्ञा पवित्र शास्त्रात नाही. हे आधीच मान्य करा, कारण मुलाने ते मोबाइलवर शोधून ठेवलेलं असतं. ओढून-ताणून एखादं वचन त्याच्या अंगावर फेकलंत तर पुढचं तो ऐकणार नाही.

शास्त्रात थेट सापडतं ते दारूबद्दल. स्तोत्र १०४ म्हणतं, द्राक्षारस माणसाचं अंतःकरण आनंदित करतो. काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला. पौल तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. दुसऱ्या बाजूला नोहा आपल्याच तंबूत झिंगून उघडा पडतो, नीतिसूत्रांच्या तेविसाव्या अध्यायात दारुड्याचं वर्णन इतकं हुबेहूब आहे की आमच्या गल्लीतले दोघे-तिघे डोळ्यांसमोर येतात, आणि इफिसकरांस पत्रात पौल सांगतो, द्राक्षारसाने मस्त होऊ नका, आत्म्याने भरून जा. म्हणजे शास्त्राचा रोख शुद्ध हरपण्यावर आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात सावध राहा, जागे राहा असं सांगितलं आहे तेही याच अर्थाने. द्राक्षारसाचा पेला घेऊनही माणूस शुद्धीत राहू शकतो. गांजा ओढणारा शुद्ध हलावी म्हणूनच ओढतो. बहुतेक ख्रिस्ती शिक्षक मनोरंजनासाठीच्या नशेला नाही म्हणतात ते या तर्काने, आणि मला तो पटतो.

दुसरा आधार करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय. शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे, हे वचन सगळ्यांना पाठ असतं. त्याच अध्यायातलं बारावं वचन मात्र माझ्या मते जास्त उपयोगाचं आहे: सगळ्या गोष्टींची मोकळीक आहे, पण मी कशाच्याही ताब्यात जाणार नाही. भाच्याला मंदिराचं वचन ऐकून राग यायचा. या वचनावर तो थांबला, कारण ताब्यात जाणं म्हणजे काय ते त्याला आमच्याहून चांगलं माहीत होतं.

मुलं उलट विचारतील त्याची तयारी ठेवा:

“उत्पत्ती १:२९ मध्ये देवाने बी देणारी प्रत्येक वनस्पती दिली आहे.” दिली आहे, अन्न म्हणून. धोतराही त्याच यादीत बसतो. तो कोणी खात नाही.

“मत्तय १५ मध्ये येशू म्हणतो, तोंडात जाणारं माणसाला विटाळत नाही.” तिथे वाद हात न धुता जेवण्याचा आहे. आणि त्याच ओघात अंतःकरणातून काय बाहेर येतं, यावर येशू बोट ठेवतो. मग आईच्या पाकिटातले पैसे कुठून बाहेर आले, ते विचारा.

“रास्ताफारी लोक बायबल वाचतात आणि गांजाही ओढतात.” खरं आहे. पण तो विसाव्या शतकात जमैकात उभा राहिलेला वेगळा धर्मपंथ आहे. बायबल मानतो म्हणून तो आपल्या चर्चची शिकवण ठरत नाही.

३. आपल्या चर्चची भूमिका विचारून घ्या

कॅथलिक शिकवण लेखी आणि स्पष्ट आहे. १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथाच्या २२९१व्या परिच्छेदात लिहिलं आहे की अमली पदार्थांनी आरोग्याची आणि जीवनाची फार गंभीर हानी होते, आणि निव्वळ उपचारासाठी सोडून त्यांचा वापर हा गंभीर अपराध आहे. २०१४मध्ये पोप फ्रान्सिस यांनी मौजेसाठीची नशा कायदेशीर करायलाही विरोध केला होता. दारू आणि तंबाखू मात्र या ग्रंथात संयमाच्या खात्यात येतात, सरसकट बंदीच्या नाही.

सॅल्व्हेशन आर्मी या चर्चचा ‘सैनिक’ (म्हणजे पूर्ण सभासद) होताना दारू, तंबाखू आणि उपचाराबाहेरची व्यसनी औषधं सोडण्याचं वचन द्यावं लागतं. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्टही हे सगळं वर्ज्य मानतात. पेंटेकॉस्टल मंडळ्या बहुधा पूर्ण बंदीच्या बाजूच्या. चर्च ऑफ नॉर्थ इंडियासारख्या मंडळ्यांत नशा नको यावर एकमत असतं, पण पेल्याभर दारूवर पाळक बदलला की सूर बदलतो. परदेशातली काही प्रॉटेस्टंट चर्चेस उपचारासाठीच्या गांजाला विरोध करत नाहीत, किंवा वापरणाऱ्याला तुरुंगात टाकू नये असं म्हणतात. पाप मानणं आणि शिक्षा मागणं या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या आहेत.

जाता जाता, आपल्या माळव्यात हा प्रश्न मोबाइलबरोबर आलेला नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू इंदूरहून मुंबई बंदरात आणि तिथून चीनला जायची, आणि इंग्रज सरकार तिच्यावर पासाचा कर घ्यायचं. कॅनेडियन प्रेस्बिटेरियन मिशन १८७७मध्ये इंदूरला आलं ते या व्यापाराच्या भरभराटीत. इंग्लंडमध्ये क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींच्या पुढाकाराने १८७४मध्ये अफूच्या व्यापाराविरुद्ध संस्था निघाली होती. त्या दबावातून १८९३मध्ये रॉयल कमिशन (सरकारी चौकशी आयोग) नेमलं गेलं, पण १८९५च्या त्याच्या अहवालाने व्यापाराचीच पाठराखण केली. पुढे १९०९मध्ये शांघायला भरलेल्या अफू परिषदेचे अध्यक्ष होते चार्ल्स ब्रेंट, फिलिपिन्समधले एपिस्कोपल बिशप. चर्चने या विषयात फक्त प्रवचनं दिली असं कोणी म्हणालं तर हे सांगा. आणि चर्चचे लोक इथे मुकाट बसले असं म्हणणाऱ्यालाही.

४. भांगेचा प्रश्न टाळू नका

इंदूरमध्ये राहून गांजावर प्रवचन द्यायचं आणि भांगेवर गप्प बसायचं, हे चालत नाही. शिवरात्रीला प्रसाद, रंगपंचमीला राजवाड्याच्या गेरमध्ये (रंगाच्या मिरवणुकीत) भांगेची ठंडाई, आणि परवान्याचं दुकान तर वर्षभर उघडं. मुलगा म्हणतो, “सरकार विकतं, मग काय झालं?”

कायदेशीर बाजू अशी: १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे आणि चरस म्हणजे राळ. फुलोऱ्याविना नुसती पानं आणि बी त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून भांग राज्याच्या अबकारी नियमांखाली विकली जाते. पण कायद्याने मोकळीक आहे म्हणून श्रद्धेचा प्रश्न मिटत नाही. दारूचंही दुकान परवान्याचंच असतं.

थोडं हुशार पोर पुढे जाईल आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा दहावा अध्याय काढेल: परक्याने जेवायला बोलावलं तर समोर वाढलेलं काही न विचारता खा, असं पौलच सांगतो. उत्तर सोपं आहे. तिथे प्रश्न मांस कोणाला वाहिलेलं होतं, हा होता. इथे प्रश्न तो पेला तुमच्या शुद्धीचं काय करतो, हा आहे. म्हणून इथे लागू पडतं ते इफिसकरांसचं वचन. आणि रोमकरांस चौदावा अध्याय: माझ्या खाण्यापिण्याने भावाला ठेच लागत असेल तर ते न केलेलं बरं. ज्या मित्रमंडळात एक जण व्यसनातून नुकता उठला आहे, तिथे ही ठेच खरीखुरी असते.

गेरला जायलाच बंदी घालणाऱ्या आईवडिलांशी माझं पटत नाही. रंगाविरुद्ध एकही वचन नाही. मुलांना जाऊ द्या. खिशात मोबाइल प्लॅस्टिकमध्ये आणि पोटात पोहे असू द्या. आपल्यातल्या निम्म्यांच्या नात्यात हिंदू घरं आहेत, तिथे शिवरात्रीला फळ घेतलं आणि पेला हात जोडून नाकारला तर कोणी रागवत नाही. “औषध चालू आहे” हे तर सगळ्यांना चालतं.

सापळा: प्यायलेली भांग चढायला तास-दीड तास लागू शकतो. नवखी मुलं “काहीच होत नाही” म्हणून दुसरा पेला घेतात आणि संध्याकाळी दवाखान्यात पोहोचतात. असं कोणी सापडलं तर एकटं सोडू नका, गाडी चालवू देऊ नका. छातीत दुखत असेल किंवा शुद्ध जात असेल तर आपत्कालीन विभाग गाठा.

५. पोलिसांकडे धावण्याआधी कायदा वाचा

१९८५च्या त्याच अमली पदार्थ कायद्याच्या कलम २७ प्रमाणे नुसतं सेवन हाही गुन्हा आहे. हेरॉइन, मॉर्फिन, कोकेनसाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इतर बहुतेक पदार्थांसाठी सहा महिने किंवा दहा हजार. “एक रात्र आत बसला की सुधारेल” म्हणून ओळखीच्या हवालदाराला सांगणारे वडील गुन्हा नोंदवला गेला की हादरतात.

मात्र कलम ६४-क लक्षात ठेवा. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत स्वतःहून उपचाराला गेली आणि तिने उपचार पूर्ण केले, तर तिच्यावर त्याबद्दल खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेतलं जाऊ शकतं. म्हणून दवाखान्याचे सगळे कागद एका फाइलमध्ये जपा आणि गरज पडली तर आधी वकील गाठा. विक्रीचा आरोप असेल तर ही सवलत नाही.

६. उपचार: कुठे जायचं, काय न्यायचं

सुरुवात फोनने करा. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन, १४४१६ ही टेलिमानस, मानसिक आरोग्यासाठी. शहरात एमवाय हॉस्पिटल आहे, आणि बाणगंगेचं सरकारी मानसिक रुग्णालय. बाणगंगेचं नाव ऐकून नातेवाईक दचकतात. दचकू द्या.

बरोबर न्यायचं:
- रुग्णाचं आणि सोबतच्या माणसाचं आधार कार्ड
- आयुष्मान कार्ड असेल तर ते. कशाला लागू आहे ते खिडकीवर विचारा
- जुन्या चिठ्ठ्या, तपासण्या, आणि चालू गोळ्यांची पाकिटं (नावं सांगू नका, पाकिटंच दाखवा)
- काय, किती, शेवटचं कधी घेतलं, याचा कागद
- फिट, कावीळ, मधुमेह, ॲलर्जी असेल तर त्याची नोंद

खाजगी नशामुक्ती केंद्र बघत असाल तर थांबा. व्यसनाचे उपचार २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली येतात. भरती करणाऱ्या संस्थेला नोंदणी लागते. सज्ञान माणसाला त्याच्या संमतीने भरती करतात. संमती देण्याच्या स्थितीत तो नसेल तर दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते. साखळीने बांधायला कायद्याने बंदी आहे. “गाडी पाठवतो, चार पोरं उचलून आणतील” असं सांगणाऱ्या केंद्राचा फोन ठेवून द्या, दारावर क्रूस लावलेला असला तरी. नोंदणीचा कागद बघायला मागा, डॉक्टर कोण आणि किती वेळा येतात ते विचारा, आणि भेटायला कधी देतात तेही. सगळे महिने आगाऊ भरून घेणाऱ्यांपासून लांब राहा.

आता आपल्याच लोकांचा सापळा. ब्राउन शुगरच्या रुग्णाला डॉक्टर बरेचदा ब्युप्रेनॉर्फिन देतात. ती अफूच्याच कुळातली गोळी, जिभेखाली ठेवायची, महिनोन्महिने चालते. मग मंडळीतलं कोणीतरी म्हणतं, “एक नशा सोडून दुसरी धरली, विश्वास कमी पडला.” आणि मुलगा गोळी बंद करतो. वर सांगितलेली सहनशक्तीची गोष्ट आठवा: इथेच माणसं दगावतात. कॅथलिक शिकवणीत ‘उपचारासाठी सोडून’ हे शब्द आहेतच, आणि पौलाने तीमथ्याला पोटासाठी जे सांगितलं तेही औषधच होतं. वधस्तंभावर खिळण्याआधी दिलेला गंधरस मिसळलेला द्राक्षारस येशूने नाकारला, हे खरं. पण त्यावरून रुग्णाने वेदनेचं औषध नाकारावं असा नियम कोणत्याही जुन्या चर्चने काढलेला नाही. गोळी कधी कमी करायची ते डॉक्टर ठरवतील.

७. चर्चमध्ये किती सांगायचं

कॅथलिक पापनिवेदनात सांगितलेलं फादर कोणालाही, कोणत्याही कारणासाठी सांगू शकत नाहीत. तो त्यांच्या धर्मकायद्याचा अभंग नियम आहे. ऑफिसात बसून मारलेल्या गप्पांना तो लागू नाही. प्रॉटेस्टंट पाळकांची गुप्तता ही त्यांच्या स्वभावावर आणि तुमच्या भरवशावर असते, म्हणून आधी विचारा: “हे घरी, कमिटीत जाणार नाही ना?”

प्रार्थना सभेत नाव घेऊन विनंती करू नका. “एका कुटुंबासाठी” म्हटलं तरी देवाला कळतं, आणि काकूंना कळत नाही.

मुलगा जरा बरा झाला की त्याला साक्ष द्यायला उभं करण्याचा मोह मंडळीला होतो. वर्षभर तरी थांबवा. माइकवर “प्रभूने मला सोडवलं” म्हटल्यावर पुन्हा घसरला, तर तो चर्चमध्ये यायचाच बंद होतो. घसरणं या आजारात नेहमीचं आहे. त्या दिवशी भांडण न करता डॉक्टरची पुढची तारीख अलीकडे आणा.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस किंवा नार्कोटिक्स ॲनॉनिमस या, व्यसन सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायच्या गटांच्या सभेला जाऊ द्यायला काही पाळक कचरतात, कारण तिथे ‘आपल्या समजुतीप्रमाणे देव’ असं म्हणतात. १९३५मध्ये अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसपासून ही चळवळ सुरू झाली ती ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती गटाच्या प्रभावातून. पापकबुली आणि नुकसानभरपाईच्या पायऱ्या तिथल्याच. बिनधास्त जाऊ द्या. घरच्यांसाठीही अशा वेगळ्या सभा असतात, आणि माझ्या बहिणीला फादरांपेक्षा तिथे जास्त आधार मिळाला, हे फादरांनाही माहीत आहे.

८. प्रभुभोजनाचा पेला

हे कोणी सांगत नाही म्हणून शेवटी लिहिते. दारू सोडलेल्या माणसाने प्रभुभोजनाआधी पाळकांना विचारून घ्यावं: पेल्यात द्राक्षांचा रस आहे की वाइन? अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत साधा रसच असतो, पण दुसऱ्या शहरातल्या चर्चमध्ये तसं गृहीत धरू नका. कॅथलिक मिस्सात वाइन खरीच असते, पण नुसता ख्रिस्तप्रसाद घेतला तरी संस्कार पूर्ण होतो, आणि बहुतेक ठिकाणी लोकांना तेवढाच देतात. दारूच्या आजाराच्या याजकालासुद्धा बिशपांच्या परवानगीने जवळजवळ न आंबवलेला द्राक्षरस वापरता येतो. तेव्हा पेला पुढे आला तर मान हलवून पुढच्याकडे जाऊ द्यावा. रांगेत कारण विचारणारं कोणी नसतं, आणि असलंच तर “औषध चालू आहे” इथेही चालतं.